टिटवीसाठी थांबलेलं काम

अहो, आमच्या शेठजींचं ऐका. बिजौलीला त्यांच्या कारखान्याची जागा सपाट करायचं काम माझ्याकडे होतं. जेसीबी पुढे सरकला आणि एक टिटवी पंख पसरून समोर ओरडत उभी राहिली. मागे बारीक खड्यांमध्ये तिची अंडी होती. मी मशीन बंद करवलं.

शेठजी आले ते तापूनच. "जोशीजी, चिड़िया के लिए काम रोकेंगे?"

मी म्हटलं, "पिल्लं निघेपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू करतो. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा."

त्यांनी टिटवीकडे एकदा बघितलं आणि तडक निघून गेले. नोकरी गेली असं समजून मी घरी आलो.

सकाळी पाहतो तर अंड्यांभोवती लांबून दोरी बांधलेली, आणि शेठजी जेसीबीच्या ड्रायव्हरला दबक्या आवाजात सांगताहेत, "भैया, इधर हॉर्न मत बजाना."