द्वारकाबाईंचं घर का लांबलं

सन्माननीय अध्यक्ष नानासाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, शाळेच्या कमिटीचे सभासद, माझ्या सहकारी शिक्षिका, डाव्या हाताला पडद्याआड बसलेल्या माता-भगिनी आणि इतका वेळ मांडी न मोडता बसलेल्या माझ्या मुलींनो,

मधल्या सुट्टीत बोर्डिंगच्या पायरीवर आम्ही दोघी उकडलेल्या शेंगा खात बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि शिवणकाम शिकवणाऱ्या आपल्या द्वारकाबाई. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी आम्हांला तसं पाहिलं आहे, काहीजणींनी तर शेंगाही पळवल्या आहेत. अशाच एका दुपारी द्वारकाबाई टरफलं पदरात गोळा करत म्हणाल्या, "बाई, आपण दोघींनी मिळून एक घर घ्यावं का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"फुलंब्रीला बापाच्या घरी होते, तिथून सासरी गेले," त्या म्हणाल्या. "कपाळ पांढरं झालं तशी भावाकडं आले. भावजयीनं डोळे वटारले तशी इथं बोर्डिंगात. प्रत्येक घरात कुणीतरी मला 'आता ऊठ' म्हणालंय. मरायच्या आधी एकदा अशा जागी बसावं म्हणते, जिथून मला कुणी उठवणार नाही."

ही गोष्ट मी आज का काढली? नानासाहेबांनी माझ्याविषयी इतकं चांगलं सांगितलं, की मला स्वतःचाच हेवा वाटला. त्यांच्यानंतर मी आभार मानून खाली बसायला हवं होतं. पण गेला आठवडाभर जो भेटतो तो एकच विचारतो: "बाई, आता नोकरी संपली. औरंगपुऱ्यातल्या स्वतःच्या घरी राहायला जाणार ना?" मी म्हणते, नाही, सिकंदराबादला भाचीकडं चालले. डोळ्यांनी साथ सोडली आहे, एकटीनं राहणं जमायचं नाही. मग समोरचा माणूस हळहळतो आणि म्हणतो, "त्या बन्सी दलालानं तुम्हां दोघींचा जन्म खाल्ला. वेळेवर घर दिलं असतं तर द्वारकाबाई बोर्डिंगच्या खाटेवर गेल्या नसत्या."

हे वाक्य ऐकून घेऊन मला या गावातून जाता येणार नाही. बन्सीभाऊ आज सभागृहात आहेत. मागं, दाराशी उभे आहेत. त्यांना कुणीतरी खुर्ची द्यावी, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.

पहिल्यांदा घर घेणाऱ्या माणसाचे हाल तुम्हांला सांगायला नकोत. त्यात आम्ही दोघी बायका. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात वाढलेली, कुणी "उद्या" म्हटलं की तो उद्याच समजणारी. पहिल्या भेटीत बन्सीभाऊंनी आमच्या मागं वाकून पाहिलं. म्हणाले, "ते ठीक हाय बाई, पन पुरुष मानूस कुठंय? सही कुनाची घ्यायची?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "सही करता येते आम्हांला. तुम्हांला वाचता येते का?"

तिथून त्यांचं आणि बन्सीभाऊंचं जमलं.

बन्सीभाऊंनी आम्हांला काय काय दाखवलं! "गावाला लागूनच" म्हणून एक घर दाखवलं, ते मुकुंदवाडीच्या वाटेवर तुरीच्या शेतात निघालं. एक घर आधीच दोघांना विकलेलं होतं. कधी मोहरम, कधी अमावास्या, कधी हैद्राबादहून स्टांपच आलेले नाहीत. तेव्हा आम्हीही त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोललो, ते त्यांनी आज माफ करावं.

शेवटी औरंगपुऱ्यातलं घर आलं. दोन खोल्या, मधे अंगण. घरात शमशाद बेगम, नवरा वारलेला, पदरात एक मुलगी. विकणारे त्यांचे दीर, गंगापूरकडचे. आता घरात पडदा. बन्सीभाऊंना देवडीच्या आत पाऊल टाकायची सोय नाही. म्हणजे हा माणूस जे घर विकत होता ते त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं! आम्ही आत गेलो आणि हे बाहेरून ओरडून घर दाखवू लागले. "उजवीकडं कोठी हाय बघा बाई, काय गार हाय!" उजवीकडं शेळी बांधली होती. "अंगनात डाळिंब हाय, लाल लाल!" अंगणात लिंबाचं झुडूप. शमशाद बेगम तोंडाला ओढणी लावून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. द्वारकाबाईंनी पाणी आणून दिलं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या माठातलं.

घर आवडलं. इसाराचे आगाऊ पैसे दिले. खरेदीच्या कागदाची तारीख ठरली. तारखेच्या आधी भिंती किती पुढंमागं आहेत ते बघायला आम्ही पुन्हा गेलो, आणि त्या दिवशी शमशाद बेगम हसल्या नाहीत. बाहेर बन्सीभाऊ तंबाखू मळत उभे होते, त्यांना काही ऐकू जात नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "उस्तानीजी, घर अच्छा है, आप लेव. पन हमना गंगापूर जाना पडेगा. देवर बोले, घर बिक गया तो शहर में क्या काम. वहाँ लडकी का मदरसा नहीं. अगले साल उसका निकाह कर देंगे."

मुलगी दारामागून बघत होती. आपल्याच शाळेतली, चौथीतली. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारून मला हैराण करायची.

आम्ही बाहेर आलो. पैठण गेटापाशी द्वारकाबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "बाई, आपल्याला बसवायला तिला उठवायचं का?"

मी म्हणाले, "घर आपण घेऊ, तिला तिथंच राहू देऊ."

"परक्याच्या घरात ती राहील, पण तिचा दीर राहू देईल? आणि राहिलीच, तर आपल्या उपकारात राहील. मी राहिलेय तशी. मला माहीत आहे ते काय असतं." मग पुढं म्हणाल्या, "इसार दिलाय ना आपण? तो आहे तोवर दुसरं गिऱ्हाईक येत नाही. दिरानं तो खर्चूनही टाकला असणार, परत द्यायचा नाही तो. आपण फक्त उशीर करायचा. पोरगी शिकेपर्यंत."

मंडळी, घर घेणारी माणसं दलालाच्या मागं धावतात. त्यानंतर आमच्या मागं दलाल धावू लागला. पहिली तारीख आली, मी कळवलं, परीक्षा आहे. दुसरी आली, द्वारकाबाईंचे डोळे आले. तिसऱ्या वेळी मी निरोप पाठवला की पर्जन्यमान ठीक नाही. बन्सीभाऊ तणतणत शाळेत आले. "आजवर गिऱ्हाईकाला मी फिरवलं. मला फिरवनारं गिऱ्हाईक तुमीच पहिलं! घर नको असंल तर नाय म्हना. पन पर्जन्यमान?"

तेवढ्यात शाळा सुटली. पडदा लावलेल्या टांग्यात मुली बसत होत्या, त्यात ती चौथीतली मुलगी होती. दप्तर सावरत तिनं द्वारकाबाईंना सलाम केला. देवडीतून शाळेला निघणारी ती मुलगी बन्सीभाऊंनी पाहिलेली होती, दिराचा बेतही त्यांना ठाऊक होता. त्यांनी टांग्याकडं पाहिलं, द्वारकाबाईंकडं पाहिलं. पायरीवर बसून डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"असं हाय व्हय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमाला खोटं बोलता येत नाय बाई. परीक्षा न् डोळे, असली कारनं कुनी मानतं का? ते आमचं काम. माझ्यावर सोडा. दिराला म्या सांगतो, कचेरीत फाईल अडकली."

आणि ती फाईल अडकली. वर्षानुवर्षं अडकली. ती कधी कचेरीत गेलीच नव्हती. गावात बोललं जाऊ लागलं, बन्सीनं दोन मास्तरणींना लुबाडलं. गुलमंडीच्या बाजारात लोक त्यांच्या तोंडावर म्हणाले. गिऱ्हाईकं तुटली. मी एकदा म्हणाले, "बन्सीभाऊ, आपण खरं सांगून टाकू." ते म्हणाले, "दलालाला चांगलं कोन म्हनतंय बाई? थोडं जास्त म्हनतील."

शमशाद बेगमना यातलं काही ठाऊक नव्हतं. उशीर अल्लाच्या मर्जीनं होतो आहे असं त्या समजत होत्या. दर जुम्म्याला तो असाच होत राहो म्हणून दुआ मागायच्या आणि मग आमच्याकडं लाजून बघायच्या, कारण त्या दुआत आमचं वाईट होतं ना!

मुलगी मिडल पास झाली. पुढं शिकली. गेल्या वर्षी याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. तेव्हा तिचे चाचा म्हणाले, आता शहरातच राहा. त्या दिवशी बन्सीभाऊ पेढे घेऊन आले: "बाई, फाईल सुटली!"

पण तोवर द्वारकाबाईंच्या फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. हकीमसाहेबांनी सांगितलं, हलवू नका. द्वारकाबाई म्हणाल्या, एकदा त्या घरी न्या. बन्सीभाऊंनी टांगा आणला, त्यात गादी घातली. दुपारभर त्या औरंगपुऱ्यातल्या अंगणात खाटेवर पडून होत्या. शमशाद बेगम वारा घालत होत्या. मी मनात म्हणत होते, इथंच राहू दे आज, इथंच. चार वाजले तशा त्या स्वतःच उठून बसल्या. "चला बाई, बोर्डिंगची घंटा होईल." इतक्या वर्षांची सवय. कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

देवडीबाहेर बन्सीभाऊ उभे होते. त्यांनी विचारलं, "बाई, एक सांगा. आत डाळिंब हाय ना? म्या सगळ्यांला सांगत आलोय."

द्वारकाबाई म्हणाल्या, "आहे बन्सीभाऊ. तुम्ही सांगितलंत अगदी तसं आहे."

कागद झाला तेव्हा त्या नव्हत्या. दोघींच्या नावाचा मसुदा फाडून एकीच्या नावाचा करावा लागला. मी त्या घरात राहायला गेले नाही, त्या मायलेकीच तिथं राहिल्या. जमलं नाही.

ही गोष्ट न सांगण्याचं वचन मी द्वारकाबाईंना दिलं होतं. काल मी त्या मुलीला सगळं सांगितलं आणि विचारलं, बन्सीभाऊंसाठी उद्या बोलू का? ती पुष्कळ वेळ रडली. मग म्हणाली, "बोला बाई, पण माझं नाव घेऊन बोला. अम्मींना मी घरी सांगते." म्हणून घेते. आपल्या सगीराबी, पाचवीच्या वर्गशिक्षिका. आज पडद्याआड त्या आणि शमशाद बेगम शेजारी शेजारी बसल्या आहेत.

निरोपाच्या सभेत मी फार वेळ घेतला, घरातलं बोलणं सभागृहात आणलं. नानासाहेब, वडीलधाऱ्यांसमोर काही कमीजास्त बोलले असेन तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. मानपत्राबद्दल, शालीबद्दल, आणि ज्या मुलींनी मला "बाई" म्हणून हाक मारली त्या प्रत्येकीबद्दल मी ऋणी आहे. आता थोडी वाटणी राहिली आहे, ती सर्वांदेखत सांगते, म्हणजे मागं घोळ होणार नाही.

द्वारकाबाईंचं शिवणयंत्र शिवणाच्या वर्गाला. त्याचा पट्टा सैल आहे, आधी बदलून घ्या. माझी इंग्रजी पुस्तकं शाळेच्या कपाटात. घोंगडी आणि पितळी बंब बोर्डिंगच्या आवडाबाईंना. त्या नको म्हणतील, तरी द्यावीत. बन्सीभाऊंना माझी छत्री आणि कमिटीनं आज मला दिलेली ही शाल. कमिटीनं राग मानू नये.

घराची पूर्वेची खोली सगीराबी आणि शमशाद बेगम यांची. सगीराबी फुकट घ्यायला तयार नाहीत, म्हणून ती द्वारकाबाईंच्या वाट्याची म्हणून लिहिली आहे, आणि त्यांच्याशी वाद घालणं आता कुणालाच शक्य नाही. पश्चिमेची खोली माझी. ती यंदा आलेल्या चतुराबाईंना, ज्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात झोपतात. त्या गेल्या, तर पुढं ज्या शिक्षिकेला या गावात कुणी नसेल तिला. सोमवारी कागद होईल. बन्सीभाऊ बरोबर येणार आहेत, आणि या वेळी उशीर करायचा नाही असं मी त्यांना बजावलं आहे.