तहानलेली हवा

ताईचं लग्न ऐन मे महिन्यात ठरलं, तेव्हाची गोष्ट सांगतो. आमचं पवनीतलं विणकराचं घर, त्यामुळे तिची कोशाच्या रेशमाची साडी बाबा स्वतःच विणत होते. पण उन्हाळ्यात धागा सारखा तुटायचा आणि दर वेळी गाठ मारून जोडावा लागायचा. लग्न तोंडावर आलं, तरी पदर बाकीच होता.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. एक साधा आणि एक ओली चिंधी बांधलेला, असे दोन थर्मामीटर मागाजवळ टांगले आणि सायक्रोमेट्रिक चार्ट पसरून बसलो.

"त्या रेघोट्यांत काय पाहून राहिला?" बाबांनी विचारलं.

"हवेत पाणी किती हाये ते. लय कोरडी हाये, बाबा. धाग्यातलं पाणी ओढून राहिली, म्हणून तो तुटते. तहानली हाये हवा."

"मंग पाज ना तिले! बसून काहून राहिला?"

मी खिडक्यांवर ओली पोती टांगली आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत राहिलो. चार्टवरचा ओलाव्याचा ठिपका वर सरकत गेला, धागा टिकायला लागला. ताई तीच साडी नेसून मांडवात आली.

आता बाबा नाहीत. मी नागपुरात एसीची कामं करतो, चार्ट मोबाइलमध्येच असतो. परवा ताईनं ती साडी काढली, पदर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हात फिरवून पाह्य. बाबाले पदरात एकबी गाठ मारावी नाही लागली."