खाल्लेली ओळ

खट-खट, खटाखट, खट!

आदरणीय अध्यक्ष पाळकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, गायकवृंद, आणि मागच्या बाकांवर चहाची वाट बघत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, घाबरू नका, माइक बिघडलेला नाही. साठेक वर्षांपूर्वीचा हा आवाज आज सकाळपासून कानात घुमतोय, म्हणून आधी तोच काढून दाखवला. आमच्या शेजारच्या शिवणमावशींच्या मशीनचा आवाज!

त्या मशीनच्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता पाठ केल्या. वृत्त म्हणजे काय, हे मास्तरांच्या आधी मला त्या चाकानं शिकवलं. एखादी ओळ सुटली की चाक थांबायचं. दातांत दोरा धरूनच मावशी म्हणायच्या, "ओळ खाल्लीस! मागे जा." टीप उसवावी तसा मी मागे जायचो. ओळ जागेवर बसली की चाक पुन्हा फिरायचं, "हं, आता पुढे."

असो. तीस वर्षं दर शनिवारी दुपारी आजाऱ्यांच्या घरी जाऊन बायबलमधलं वचन वाचायचं, प्रार्थना करायची, ही माझी सेवा. पण दोन वर्षांपूर्वी आमची ही गेली आणि माझ्यातला पाझरच आटला. ओठ प्रार्थना म्हणायचे, डोळे घड्याळाकडे. सांगणार कुणाला? सेवा करून दमलो, असं म्हणायचीही लाज वाटते हो! शेवटी पत्र लिहिलं, 'मला मोकळं करा.' पाळकसाहेबांनी ते खणात ठेवलं. माझ्या जागी यायला कुणीच तयार नव्हतं. म्हणजे भेटीच बंद पडणार. हे ठाऊक असूनही मी हललो नाही.

गेल्या शनिवारी शेवटची भेट होती. घर कुणाचं? शिवणमावशींचंच! वय नव्वदीला टेकलेलं, अर्धांगाच्या झटक्यानंतर आठ महिने तोंडातून शब्द नाही. गाडी पकडायची असावी तशी मी प्रभूची प्रार्थना उरकली, आमेन म्हटलं, छत्री उचलली. तोच पलंगावरून आवाज आला,

"भाकर... खाल्लीस!"

त्यांची सून आतून धावत आली. "अगंबाई, आई बोलल्या! भाऊ, तुम्ही आईंची भाकर खाल्लीत? अहो, पण त्यांना तर मी पातळच भरवते!"

काय सांगणार तिला? प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची ओळच मी गिळली होती! छत्री ठेवली, बसलो, मागे गेलो. पहिल्यापासून, ओळ न् ओळ. पांघरुणाखाली मावशींचा चांगला पाय हलत होता, मशीन चालवावी तसा. मंडळी, दोन वर्षांत पहिल्यांदा मी प्रार्थना नुसती म्हटली नाही, केली! घरचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. शेजारी विचारतो, "काय हो, लॉटरी लागली का?"

म्हणून पाळकसाहेब, हा निरोपाचा गुच्छ मी ठेवून घेतो, पण ते पत्र तेवढं परत द्या. येत्या शनिवारची चार घरं ठरवूनसुद्धा ठेवलीत मी! हसताय काय? देताय ना?

आपण सगळे आलात, भरभरून बोललात, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादी ओळ खाल्ली असेल, तर या म्हाताऱ्याला सांभाळून घ्या.

अरे, मागचं दार कुणी उघडलं? चाकाची खुर्ची... सूनबाई, तू? आणि खुर्चीत... सरका, जरा वाट द्या! मावशी, तुम्ही? घराबाहेर? काय म्हणताय? मोठ्यानं म्हणा.

ऐकलंत ना, पाळकसाहेब?

"हं... आता पुढे."