लाल घेवडा

कोस्टा रिकातल्या एरेदियाच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी शेजारणी रांगेत उभ्या होत्या. एक तरुण, एक वयस्क.

"एर्मिदामावशी, सासूबाई निकाराग्वाहून निघाल्यात. लग्नालाही आल्या नव्हत्या, आणि उद्या न्याहारीला माझ्या हातचा पिंतो!"

"मग कर की, योरलेनी. घेवडा, भात, कांदा, कोथिंबीर. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"आपला घेवडा काळा, त्यांचा लाल. काळ्याला त्या पिंतो म्हणतच नाहीत. म्हणून लाल शिजवून ठेवलाय."

"लाल शिजवलास? तू? अगं, तुझ्या आईनं ऐकलं तर काय म्हणेल!"

"तिला सांगू नका हं. त्यांनी मला एकदा सून म्हणावं, बस."

"बरं. भात आजच करून ठेव. ताजा घातलास तर गिचका होईल."

"ते माहीत आहे हो."

तेवढ्यात योरलेनीचा फोन वाजला. ती नुसतं "हो सासूबाई, हो" म्हणत राहिली.

"काय गं? रडतेस का?"

"सासूबाई बसमध्ये मांडीवर डबा घेऊन बसल्यात. काळा घेवडा शिजवून आणताहेत. म्हणाल्या, आमच्या सुनेला तोच लागतो."

"अरे देवा! आता लालचं काय?"

"दोन्ही करीन."

"मग भात दुप्पट लाव, पोरी."