अर्धंच ओरडलो

गड्या, बाहत्तरच्या दुष्काळानंतर मी नगरपालिकेवर निवडून आलो, तवाची गोष्ट. नव्या मंडईत एका म्हाताऱ्याची जागा जात होती, त्यानं आमच्यावर दावा ठोकला होता. दारं लावून बैठक बसली. वकील हळूच म्हणाले, "कागद त्याचा खरा आहे, आपण हरणार. फक्त तारखा घेत राहू, म्हातारा थकेल."

शेजारी बहिरे अण्णा बसलेले. "वकील काय म्हणालं रं?"

मी त्यांच्या कानात ओरडलो, "तारखा घ्यायच्या. म्हातारा थकंल."

दार उघडलं, तर म्हातारा बाहेर बाकावरच. म्हणाला, "आवं, सांगलीच्या कोर्टात खेपा घालून थकलोच हाय मी." दुसऱ्या दिवशी त्यानं दावा काढून घेतला.

वकिलांचं पहिलं वाक्यबी ओरडायला पायजे होतं मी.