मनगटावरची टेप

नोगामी : गुडघ्याचं रडगाणं गात आत आलास आणि पुढे करतोयस मनगट. बस आधी. ती खुर्ची नको, डुगडुगते.

सेगावा : गुडघा दुखतोच आहे, नोगामीसान. तो कधी दुखायचा थांबलाय? पण आज टेप मनगटाला हवी. डाव्या. पांढरी, रुंद. सामन्याआधी लावायचात तशी.

नोगामी : सामना कसला? खेळणं सोडून तुला चार वर्षं झाली आणि क्लबची नोकरी सोडून मला तीन. आता मी म्हाताऱ्यांच्या कंबरा चोळतो आणि तू दहा-अकरा वर्षांच्या पोरींना फुटबॉल शिकवतोस. त्यांच्याशीच सामना लावलायस की काय?

सेगावा : उद्या दहा वाजता इस्पितळात जायचंय.

नोगामी : हाताला काय झालं?

सेगावा : हाताला नाही. डोक्याच्या डॉक्टरांकडे. मिनाएने वेळ घेतलीय, मला न विचारता.

नोगामी : बायको न विचारता वेळ घेते तेव्हा गोष्ट विचारण्यापलीकडे गेलेली असते. काय केलंस?

सेगावा : तुमची चिहाया कशी आहे? क्लबातच आहे ना अजून?

नोगामी : आहे. माझ्याच जागी, माझ्याच टेबलाशी. तुमच्यासारख्यांचे पाय आता माझी पोरगी बांधते. आणि तू विषय बदलू नकोस. पंधरा वर्षं तू बचाव खेळलास, अडचणीत आलास की चेंडू रेषेबाहेर मारायची तुझी खोड मला ठाऊक आहे. काय केलंस ते सांग.

सेगावा : मागच्या शनिवारी मुलींना सरावाला घेऊन निघालो. छोटी बस आहे, मीच चालवतो. अकरा मुली होत्या. मैदान नदीपलीकडे, रोजचा रस्ता. बस थांबवली तर समोर शिड्या आणि रंगाचे डबे. ते घरदुरुस्तीच्या सामानाचं मोठं दुकान आहे ना, ते.

नोगामी : म्हणजे आपलं जुनं मैदान होतं तिथे.

सेगावा : तिथेच. ते दुकान उघडलं तेव्हा फीत कापायला मलाच बोलावलं होतं. आणि शनिवारी मी त्याच दारात उभा राहून गोलपोस्ट शोधत होतो. कुणी हलवले, म्हणून चिडलोही होतो.

नोगामी : किती वेळ?

सेगावा : मला पाच मिनिटं वाटली. मिनाए म्हणते, पाऊण तास.

नोगामी : आणि पोरी?

सेगावा : बसमध्ये. पट्टे लावून. एकीनेही तोंड उघडलं नाही. कोच बोलत नाहीत तोवर आपण बोलायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलंय. शेवटी दुकानातल्या बाईंनी मला ओळखलं आणि घरी फोन केला.

नोगामी : चहा घे. जवाचा आहे, गरम आहे.

सेगावा : मुलींना मी थाप मारली. म्हटलं, आमचं जुनं मैदान तुम्हाला दाखवायला आणलं होतं. तर अकराही जणींनी वाकून माझे आभार मानले, नोगामीसान. शिड्यांकडे तोंड करून.

नोगामी : चहा घे आधी.

सेगावा : उद्या प्रश्न विचारतील. मी वाचनालयात जाऊन पुस्तक पाहिलंय. आज तारीख काय, वार कुठला, आपण कुठल्या मजल्यावर आहोत. शंभरातून सात गेले किती, त्यातून परत सात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. घरून निघताना पाठ होतं, आत्ताही आहे. पण तिथे बसलो की जाईल. म्हणून टेप हवी. बारीक अक्षरात लिहून द्या. तुमचं अक्षर मला बरोबर वाचता येतं. धावता धावता वाचायचो मी.

नोगामी : ते अक्षर आता मी काढत नाही.

सेगावा : एकदाच. बाही खाली ओढली की कुणाला दिसणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुम्हीच म्हणायचात.

नोगामी : मी फार काय काय म्हणायचो.

सेगावा : उद्या नापास झालो तर गाडीचा परवाना जाईल. बस जाईल, मग मुली जातील. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. मला दुसरं काय येतं? पंधराव्या वर्षापासून मी फक्त समोरचा माणूस आणि आपला गोल यांच्या मध्ये उभा राहिलोय. कुणी विचारलं की तुला काय येतं, तर मी काय सांगू, मध्ये उभं राहता येतं?

नोगामी : आणि उद्या पास झालास तर?

सेगावा : तर सगळं पूर्वीसारखं राहील.

नोगामी : हो. शनिवारी बस तुझ्याच हातात राहील. नदीवरचा पूल, वर बर्फ, मागे अकरा पोरी पट्टे लावून. आणि त्यांतली एकही बोलणार नाही.

सेगावा : मी जपून चालवीन.

नोगामी : जपून चालवणाराही रस्ता विसरतो, सेगावा.

सेगावा : मला घाबरवू नका. मी आधीच फार घाबरलोय. रात्री उठून मुलींची नावं म्हणतो. काल दहाच झाली. अकरावी कोण ते पहाटेपर्यंत सापडलं नाही. मिनाएला उठवायची लाज वाटली.

नोगामी : सापडली का मग?

सेगावा : सकाळी त्यांच्या टीमचा फोटो बघितला. गोलकीपर होती. कधीही तक्रार करत नाही ती पोरगी, आणि मी तिलाच विसरलो. असो. तुमची चिहाया कशी आहे? क्लबातच आहे ना अजून?

नोगामी : हे तू मघाशी विचारलंस.

सेगावा : केव्हा?

नोगामी : चहा ओतायच्या आधी. अगदी याच शब्दांत.

सेगावा : मग काय म्हणालात तुम्ही?

नोगामी : आहे म्हणालो. माझ्याच जागी.

सेगावा : छान. नाही, छान नाही. नोगामीसान, टेप काढा. कृपा करा. मी इथे जमिनीवर डोकं टेकतो.

नोगामी : ऊठ. त्या डोक्याला अजून काही टेकवू नकोस. मी एक विचारतो, त्याचं खरं उत्तर दे. क्लब वाचवला तो सामना तुला आठवतो?

सेगावा : सगळ्या गावाला आठवतो. शेवटचं मिनिट, गोलकीपर आडवा, चेंडू रेषेवर, आणि मी मागून झेपावून डोक्याने बाहेर काढला. दोन-एक. क्लब खालच्या श्रेणीत जायचा वाचला. स्टेशनात अजून तो फोटो आहे.

नोगामी : गावाचं नाही विचारलं. तुला आठवतो का?

सेगावा : नाही.

नोगामी : कधीपासून?

सेगावा : कधीच आठवला नाही. त्या दिवशी सामन्यानंतर आंघोळीच्या टाकीत बसलो होतो, तिथून पुढचं आठवतं. बाकीचं टीव्हीवर बघून पाठ केलं. शाळांतून भाषणं देतो ना, गवत ओलं होतं, लोकांचा आवाज थांबला होता वगैरे, ते सगळं मी रचलंय. हे मिनाएलाही सांगितलं नाही कधी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट झाली तेव्हा मी तिथे नव्हतोच.

नोगामी : मी होतो. मी सांगतो. एकतिसावं मिनिट. कॉर्नर. त्यांचा तो उंच फॉरवर्ड आणि तू, डोक्यावर डोकं आपटलं. आवाज बाकापर्यंत आला. मी पेटी घेऊन धावलो. विचारलं, सेगावा, आपण कुठल्या मैदानावर आहोत? तर तू काय म्हणालास माहीत आहे?

सेगावा : नाही.

नोगामी : म्हणालास, आईला सांगा, मी जेवून आलोय.

सेगावा : हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही.

नोगामी : कुणालाच सांगितलं नाही. पंच चार पावलांवर उभे होते. मी तुझ्या तोंडावर वाकलो, पाणी पाजतोय असं दाखवलं आणि कानात सांगितलं, घरचं मैदान, पहिला हाफ, एक-एक. मग पंचांनी विचारलं आणि तू पोपटासारखं म्हणून दाखवलंस. डॉक्टर पलीकडे बाकावर होते, ते माझ्या खुणेची वाट बघत होते. दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल केला तर खेळाडू ठीक. हातांची फुली केली तर बदली. एवढाच कायदा.

सेगावा : तुम्ही गोल केलात.

नोगामी : केला. आपल्याकडे दुसरा धड बॅक नव्हता. आणि तू माझी बाही धरून ठेवली होतीस. पण तू धरली म्हणून मी केलं, असं म्हणणार नाही. तू शुद्धीत नव्हतास, मी होतो.

सेगावा : आपण जिंकलो ना.

नोगामी : जिंकलो, आणि तिथेच घात झाला. हरलो असतो तर मला पुन्हा धीर झाला नसता. पुढच्या सामन्याआधी, परत डोकं आपटलं तर उत्तरं हवीत म्हणून, तूच मनगट पुढे केलंस आणि मी टेपवर लिहून दिलं. मैदानाचं नाव, समोरचा संघ, मागच्या आठवड्याचा निकाल. चालू स्कोअर मी बोटांनी दाखवायचो. तुझी चूप, माझी चूप. सहा वर्षं. त्यात नऊ वेळा डोकं आपटलं आणि तू ती टेप वाचलीस.

सेगावा : नऊ?

नोगामी : मोजलंय मी. तारखा, गावं, कोण आपटलं, सगळं पाठ आहे. तुला आठवत नाही आणि मला विसरता येत नाही. कंबरा चोळतानासुद्धा मी ते नऊ सामने म्हणत असतो.

सेगावा : इस्पितळाच्या फॉर्मवर विचारलं होतं, पूर्वी डोक्याला मार लागलाय का. मी ‘नाही’ लिहिलं. क्लबच्या कागदांतही ‘नाही’च लिहिलंय.

नोगामी : असेलच. ते कागद मीच भरायचो. म्हणजे उद्या डॉक्टरांपुढे एक धडधाकट माणूस बसेल, ज्याला कधी काही लागलंच नाही, आणि ज्याची उत्तरं मनगटावर लिहिलेली आहेत. मग ते औषध कशावर देणार, टेपवर?

सेगावा : मग मी काय करू? सांगा ना. तुम्हीच सांगायचात नेहमी.

नोगामी : म्हणूनच या वेळी सांगणार नाही. येईल ते उत्तर दे, येणार नाही तिथे गप्प बस. मी येतो बरोबर. ते नऊ सामने डॉक्टरांना मी सांगेन.

सेगावा : बाहेर पडेल ते. वर्तमानपत्रात येईल. तुमचं नाव जाईल, आणि चिहाया तिथे नोकरी करते. लोक तिच्या तोंडावर बोलतील.

नोगामी : बोलतील. तिला मी आज सांगणार आहे, आणि त्याचीच मला उद्यापेक्षा जास्त भीती वाटते. तीन वर्षं ती त्या टेबलाशी उभी आहे आणि तिला वाटतं, बापाने काम चोख केलं. पण तिच्यापुढेही कधीतरी कुणी मनगट करेल, सेगावा. तेव्हा तिने काय करायचं, ते मी नाही तर कोण सांगणार?

सेगावा : मला तुमचा राग यायला हवा ना?

नोगामी : यायला हवा.

सेगावा : येत नाहीये. कदाचित नंतर येईल. आला तर मला आठवण करून द्या, कशाबद्दल ते.

नोगामी : देईन. आण तो हात इकडे.

सेगावा : लिहिणार आहात?

नोगामी : हात सैल सोड. मूठ कशाला आवळतोस?

(टेप फाडल्याचा आवाज. मग पेनाचा, थोडाच वेळ.)

सेगावा : झालं एवढ्यात? आकडे कुठे आहेत? ही तर नुसती फुली आहे.

नोगामी : त्या दिवशी हात वर नेले तेव्हा हीच काढायची होती. दहा वर्षं उशीर झाला.

सेगावा : म्हणजे मी बाहेर.

नोगामी : हो. बाहेर ये आता. मी धरून आणतो.

सेगावा : बसच्या चाव्या खिशात आहेत. या घ्या. माझ्याजवळ राहिल्या तर शनिवारी मी निघेन, मला माहीत आहे. मिनाएला द्या. तिला मोठी गाडी येते, माझ्यापेक्षा बरी.

नोगामी : देतो. आणि पोरींना काय सांगायचं ते तू सांगायचंस, मी नाही.

सेगावा : मग त्या फुलीखाली एक ओळ लिहा. उद्याच्या परीक्षेची नाही, मुलींसाठी. लिहिली नाही तर शनिवारपर्यंत माझ्या लक्षात राहणार नाही.

नोगामी : सांग.

सेगावा : कोच गप्प झाले, तर तुम्ही बोला.

नोगामी : सावकाश सांग. लिहितोय.