हाताकडं न बघणारा वाघ्या

चावडीवर दुपारचे बारा टोल पडले, तेव्हाच हे सुरू झालं. मी चकलांब्याच्या रानात खुरपत होते. बाळ बाभळीला बांधलेल्या झोळीत निजलेलं, खाली आमचं कुत्रं वाघ्या बसलेलं. बांधावरच्या भाकरीच्या गठुड्याकडं हात करून म्हटलं, “वाघ्या, भाकर आण!” ते हाताकडं बघेच ना, टक लावून माझ्याकडंच!

मागं खुरपणाऱ्या सासूबाई ओरडल्या, “अगं, वाघ्या हितं माझ्यापाशी हाय! त्यो लांडगा हाय!”

मी हात तसाच गठुड्याकडं धरून किंचाळत झोळीकडं धावले. लांडगा पळाला. वाघ्या मात्र थेट भाकरीवर!

“तूच हात केलतास की,” सासूबाई म्हणाल्या.

अजून झोळी बांधताना जीव थाऱ्यावर नसतो. बायांनो, लेकुरवाळ्यांना सांगा: जो हाताकडं बघत नाही, त्याच्यापाशी लेकरू ठेवू नका.